भावाच्या मापाचा शर्ट

अंगावरचा कपडा नीट बसला की माणसाचं अर्धं दुःख आपोआप उतरतं, असं मानणारी माणसं जगात थोडीफार असतील. पण त्यासाठी अख्ख्या तालुक्याशी भांडायची तयारी असलेला माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या हिचे धाकटे मामा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईतल्या एका बड्या दुकानात सूट विकण्यात घालवली. साठीच्या अलीकडे त्यांच्या बरोबरीची माणसं गावी परत येतात, चिऱ्याचं घर बांधतात, दारात माड लावतात आणि आपल्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात. मामांनी त्या वयात वैभववाडीच्या बाजारात पुरुषांच्या उंची कपड्यांचं दुकान काढलं. वैभववाडीत! जिथे पावसाळाभर पुरुषांच्या पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या असतात, आणि लग्नाचा सूट ही घाट चढून कोल्हापुरातून आणायची वस्तू, हे सगळ्यांनी कधीचंच ठरवून टाकलेलं आहे. "हयसर कोट कोण घालतलो?" असं बाजारातल्या प्रत्येकाने त्यांना निदान एकदा विचारलं. मामांचं उत्तर ठरलेलं होतं. "जेका अंग आसा, तो."

दुकान त्यांच्या वडिलांच्या भातगिरणीच्या जागेत होतं. गिरण बंद पडून बराच काळ लोटला होता आणि वाटणीत ती जागा मामांकडे आली होती. मामांनी यंत्र काढलं, भिंती गुळगुळीत केल्या, लाकडी जमीन घातली, काचेचं दार आणि एसी बसवला. पण गिरणीने वाशांच्या फटींत वर्षानुवर्षं साठवलेला कोंडा काही केल्या संपेना. उद्घाटनाच्या दिवशी काळ्या बंदगळ्यावर वरून भुरुभुरु कोंडा पडत होता आणि मामा एका हाताने तो ब्रशने झाडत दुसऱ्या हाताने पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत होते. दारावरची पाटी त्यांनी शिसवी लाकडाची केली आणि तिच्यावर बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत 'पुरुषांचे कपडे' एवढंच लिहिलं. "चांगलं दुकान ओरडत नाही," असं ते म्हणाले. दुकान ओरडलं नाही आणि ते कशाचं आहे हे कुणाला कळलंही नाही. काचेचं दार आणि आतला गारवा बघून लोक पासबुकं घेऊन आत शिरू लागले. मामांनी एकालाही दारातून परत पाठवलं नाही. प्रत्येकाला बसवून पाणी द्यायचं, त्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर हलक्या हाताने सरळ करायची आणि मग बँकेचा रस्ता दाखवायचा. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक असंच मिळालं. पेन्शन काढायला निघालेले एक निवृत्त तलाठी भाऊसाहेब कॉलर सरळ करून घेता घेता आरशासमोर थांबले, स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले आणि बँकेतून परत येताना लिननची पँट शिवायला टाकून गेले.

स्वतः मामा बारा महिने पूर्ण बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट आणि वर वास्कोट घालतात. मे महिन्यात दुपारी लाइट जाते, एसी बंद पडतो, बाजारातले बाकीचे दुकानदार बनियनवर येऊन पुठ्ठ्याने वारा घेत बसतात. मामा मात्र वास्कोटाची सगळी बटणं लावून काउंटरमागे ताठ उभे. कपाळावरून घामाचा ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत येतो, तो रुमालाने टिपतात आणि पुन्हा ताठ. मी एकदा म्हटलं, "मामा, तेवढा वास्कोट तरी काढा." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जावयबापू, मी दुकानाची पाटी आसंय. गरम झाला म्हणान पाटी कोण उतरवता?"

दुकानात गिऱ्हाइकाशी ते अत्यंत शुद्ध मराठी बोलतात. "आपलं माप घेऊ का?" "हा रंग आपल्या कांतीला न्याय देत नाही." हे ऐकून नवीन माणूस इतका दबतो, की स्वतःचं नाव सांगतानाही अडखळतो. खरं बोलायचं झालं किंवा राग आला की मामा मालवणीवर येतात. त्यामुळे दुकानात मालवणी ऐकू आली की टेलरमास्तर हातातली कात्री खाली ठेवून पडद्याआडून डोकावतात. हे टेलरमास्तर मामांनी गोव्याहून आणलेले. अत्यंत शांत माणूस. मामांजवळ राहायचं तर तेवढं शांत असावंच लागतं.

दुकानात शिरण्याचा विधीच मोठा. पावसाळ्यात दाराबाहेर नळाखाली पाय धुवायचे, टॉवेलने पुसायचे, मग आत. कपडा शिवून तयार झाला की तो घालून आरशासमोर नुसतं उभं राहायचं नाही. मामांनी सुताराकडून एसटीच्या पायरीच्या उंचीची एक लाकडी पायरी करून घेतली आहे. नवी पँट घालून तिच्यावर चढायचं आणि उतरायचं. मग पंगतीला बसतात तशी मांडी घालून जमिनीवर बसायचं. मग देवळातली घंटा वाजवल्यासारखा हात वर करायचा. "आरशात माणूस उभा असतो," मामा म्हणतात, "आणि बाहेर तो कधीच उभा नसतो." तालुक्यातले एक मोठे अधिकारी एकदा नुसते शर्ट बघायला आले असताना त्या पायरीची गंमत म्हणून आपल्या अंगावरच्या तयार पँटीतच चढले आणि टर्रकन आवाज झाला. साहेब लालबुंद. मामांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "बरं झालं साहेब, इथे झालं. झेंडावंदनाला झालं असतं." साहेबांनी त्याच दिवशी दोन पँटी शिवायला टाकल्या.

न शोभणारा कपडा मामा विकत नाहीत, ही त्यांची सगळ्यात महागडी सवय. कुणकेश्वरला मे महिन्यात लग्न असलेला एक नवरामुलगा मोबाइलवर फोटो घेऊन आला. त्याला मखमलीचा, गडद किरमिजी रंगाचा थ्री-पीस सूट हवा होता. वाळूत उभं राहून, समुद्र मागे घेऊन फोटो काढायचे होते. मामांनी नाही म्हटलं नाही. नमुन्याला ठेवलेला मखमली कोट त्याला घातला, सगळी बटणं लावली, आणि "चहा घेऊ," म्हणून त्याला दुकानाबाहेरच्या बाकावर ऐन दुपारच्या उन्हात बसवलं. स्वतःही शेजारी बसले. चहा आला, मामांनी तो फुंकर मारत मारत, चवीने, सावकाश प्यायला. नवरामुलगा चहा अर्धा झाला तेव्हा कॉलर सैल करू लागला आणि कप रिकामा होण्याआधी म्हणाला, "मामा, दुसरा कायतरी दाखवा." मामांनी त्याला ओल्या वाळूच्या रंगाचा लिननचा बंदगळा शिवून दिला. लग्नाच्या फोटोत वऱ्हाड घामाने निथळतंय आणि नवरा एकटा हसतोय, तो फोटो मामांनी मागून घेऊन दुकानात लावला आहे. मलाही त्यांनी सोडलं नाही. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. एकदा मला एक रुंद पट्ट्यांचा शर्ट मनापासून आवडला. मामांनी तो माझ्या हातातून काढून घेऊन परत कपाटात ठेवला. "पोरा तुमका बघतली काय फळ्याक?"

पण मामांची खरी लढाई चालते ती दमट हवेशी. जून लागला की वैभववाडीत भिंतीला घाम फुटतो, वहाणांना बुरशी येते, पापड चामड्यासारखे होतात. आणि अशा हवेत मामांच्या कपाटांत लोकरीचे कोट टांगलेले! प्रत्येक कपाटात ते दिवसभर एक पिवळा बल्ब लावून ठेवतात, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी देतात. श्रावणात मध्येच तासभर स्वच्छ ऊन पडलं, की मामा गिऱ्हाईक अर्धवट मापात सोडून रस्त्यावर येतात, दारातल्या विजेच्या खांबापासून दुकानापर्यंत दोरी बांधतात आणि सगळे कोट ओळीने टांगतात. कुठल्या तरी अदृश्य वरातीतली माणसं खांदे पाडून उभी आहेत असं वाटतं. एसटीचे ड्रायव्हर गाडी हळू करून बघतात. मामी घराच्या दारात उभ्या राहून हे बघत मला म्हणाल्या होत्या, "माझ्या आमसुलांका ऊन दाखवा म्हणान सांगतंय ता ह्येंका ऐकाक येणा नाय. कोटांका मात्र आंगडीटोपडी घालून उन्हात नेतत." एकदा तर नव्या कापडाचा रेनकोट खरोखर पाणी अडवतो का हे बघायला मामा तो अंगात घालून, सावंतवाडीला गाडी बदलून, भर जुलैत आंबोलीला गेले. तिथल्या एका टपरीबाहेर, टपरीवाला आत बोलावत असताना, दुपारभर पावसात उभे राहिले आणि परत आल्यावर तापाने फणफणलेल्या आवाजात त्यांनी कारखानदाराला फोन केला, "आपलं कापड उत्तम आहे. शिलाई गळते."

हळूहळू दुकानाचं नाव झालं. कणकवलीहून, देवगडहून, खारेपाटणहून माणसं येऊ लागली. मुंबईहून गावी आलेले चाकरमानी गणपतीचा कुर्ता मामांकडूनच शिवायचा म्हणू लागले. "कोट कोण घालतलो" म्हणणाऱ्यांतले पुष्कळ जण आपापल्या मुलांच्या लग्नात मामांचे कोट घालून मिरवले. पण ज्या एका माणसाने हे सगळं येऊन बघावं असं मामांना वाटत होतं, तो आलाच नाही. ते म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, आमचे थोरले मामा.

थोरले मामा घाटाच्या पायथ्याशी गावातल्या घरी एकटेच राहतात. थोरल्या मामी कधीच गेल्या, मुलगी लग्न होऊन लांब. भात, काजू आणि थोडे आंबे, एवढा त्यांचा संसार. कमरेला पंचा, अंगात बनियन, थंडीत त्यावर एक जुनं बटणं तुटलेलं खमीस. पण या माणसाने तरुणपणी वडिलांबरोबर ती गिरण चालवली होती. पहाटे यंत्रावर पट्टा चढवायचा, दिवसभर भात भरडायचं, संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत कोंड्याने पांढरं होऊन घरी जायचं. धाकटे मामा तेव्हा मुंबईत सूट विकत होते. जागा वाटणीत धाकट्याकडे गेली याबद्दल थोरल्या मामांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. पण ज्या दिवशी गिरणीचं यंत्र उचलून ट्रकमध्ये घातलं, त्या दिवशी ते कुठून तरी बातमी कळून बाजारात आले, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, ट्रक निघून जाईपर्यंत बघत राहिले आणि चहाही न घेता मिळेल त्या एसटीने परत गेले. जाताना कुणाला तरी म्हणाले ते शब्द मामांपर्यंत पोचले. "बापाशीची गिरण मोडून कोटाचा दुकान घातल्यान. मी त्या दुकानाची पायरी चढूचंय नाय."

आणि ते चढले नाहीत. दोघा भावांचं बोलणंही थांबलं. घरच्या कार्यात भेटत, एका पंगतीला बसत, पण मध्ये तिसरं माणूस घालून बोलत. "तेका सांग, ताक वाढा म्हणान." मामांसारख्या जिद्दी माणसाला हे किती दिवस चालणार? एका वर्षी कार्तिक महिन्यात त्यांनी मला दुकानात बोलावलं, दार लावलं आणि मालवणीतच सुरुवात केली, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"जावयबापू, दादाक शर्ट शिवतलंय."

"माप?"

"तोच तर प्रश्न आसा. तो टेपीक हात लावूक देवचो नाय."

उपाय त्यांनी आधीच शोधला होता. गावच्या देवळात महाप्रसाद होता, तिथे थोरले मामा येणारच. "तुमचां माप माका तोंडपाठ आसा. तुमी तेच्या बाजूक ताठ उभे रवा. फरक मी नजरेन काढतंय." म्हणून मी त्या दिवशी देवळाच्या आवारात थोरल्या मामांच्या बाजूला, शाळेतल्या कवायतीसारखा छाती काढून उभा राहिलो आणि भाताच्या पिकाची चौकशी करत राहिलो. पलीकडे दगडी खांबामागून मामांचं अर्धं डोकं आणि एक डोळा दिसत होता. मध्येच एक हात बाहेर येऊन मला अंमळ डावीकडे सरकायची खूण करायचा. मी सरकायचो. थोरले मामा माझ्याबरोबर सरकायचे. मग मामा दुसऱ्या खांबामागे पळायचे. थोरले मामा शांतपणे भाताबद्दल बोलत होते. प्रसादाची हाक आली तशी ते पंगतीकडे वळले आणि जाता जाता मला म्हणाले, "धाकट्याक सांगा, खांबामागसून बघता तो माका दिसता."

तरी शर्ट शिवला गेला. मामांनी त्यासाठी निवडलेलं कापड मी कधी विसरणार नाही. ताकाच्या रंगाचं लिनन, हातात धरलं तर हात गार व्हावा असं. पूर्ण बाह्या, चष्मा मावेल एवढा खिसा, आणि मुंढा, म्हणजे काखेतला घेर, नेहमीपेक्षा मोकळा. टेलरमास्तरांनी कारण विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, "कोयतो चलवणारो हात आसा तो. आवळलो तर शर्ट काढून फेकून देयत."

पहिल्यांदा तो शर्ट घेऊन मी गेलो. थोरल्या मामांनी चहा केला, शाळेची चौकशी केली, हिची चौकशी केली, पुड्याकडे बघितलंही नाही. मी निघालो तेव्हा पुडा माझ्या आधी गाडीत येऊन बसला होता आणि त्याच्यावर केळफूल आणि गावठी मिरच्यांची पिशवी ठेवलेली होती. मामांनी पुडा परत घेतला, निरखून पाहिला आणि म्हणाले, "कॉलर मोठी झाली असतली."

"त्यांनी पुडा उघडलाही नाही," मी म्हटलं.

"मगे कळला असतला बघतानाच." आणि त्यांनी कॉलर खरोखर उसवून पुन्हा करायला लावली. दुसऱ्यांदा मामी गेल्या. शर्ट परत आला, सोबत कुळीथ आणि सुक्या वालांची गाठोडी. मामी म्हणाल्या, "आणखी दोनदा धाडा. वर्साची बेगमी होयत."

तिसऱ्यांदा माघ महिन्यात मामा स्वतः निघाले. ऐन लग्नसराई, दुकानात माणसं खोळंबलेली. पण त्यांनी काचेच्या दाराला कुलूप घातलं आणि माझ्या गाडीत येऊन बसले. वास्कोटासकट. रस्ताभर पुडा मांडीवर धरून बसले. थोरले मामा खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून कोयत्याला धार लावत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि कितीतरी वर्षांनी भावाशी सरळ बोलले.

"इलंस?"

"इलंय. शर्ट देवक इलंय. गिरणीचो विषय काढूक नाय."

थोरल्या मामांनी कोयता बाजूला ठेवला. "मी काढतंय. यंत्र काढलंस तेवा माका इचारलंस काय?"

"नाय."

"कित्या?"

"इचारलं असतंय तर तू नको म्हटलं असतंस."

"म्हटलंच असतंय."

"म्हणान नाय इचारलंय."

मला वाटलं आता संपलं, गाडीकडे वळावं. पण थोरले मामा भावाकडे न बघता, शेताकडे बघत हळूच बोलले. "यंत्र बंदच होता. ता काय चलाचा नव्हता, माका म्हायत होता. पण जागेर होता. माका अजून तेच येळार जाग येता. पट्टो चढवूक होयो असा वाटता. मगे आठवता."

मामांनी पुडा उघडला, शर्ट झटकला, खळ्यातल्या वाळत घालायच्या दोरीवर पंच्यांच्या शेजारी टांगला, खांदे सारखे केले. "दादा, घालू नको तर घालू नको. पण परत धाडू नको." एवढं म्हणून ते गाडीत येऊन बसले. परतीच्या रस्त्यावर त्यांनी वास्कोटाची बटणं काढली. मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

त्यानंतर बरेच दिवस शर्ट परतही आला नाही आणि निरोपही आला नाही. मामा दुकानात बसत, पण त्यांचं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला त्यांनी खांद्यावरून ओघळणारा कोट "छान दिसतो" म्हणून दिला, तेव्हा टेलरमास्तर धावत रस्त्यावर गेले आणि त्या माणसाला परत घेऊन आले. "मामांची तब्येत बघा," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "काल त्यांनी कुणाला पायरीवरसुद्धा चढवलं नाही."

चैत्रात हिला थोरल्या मामांचा फोन आला, काजूचे बोंडू भरपूर पडलेत, मुलांना खायला घेऊन जा. मी निघालो तर मामा आधीच गाडीजवळ उभे. घरी पोचलो तर दाराला कडी होती. आम्ही मागच्या वाटेने काजूच्या बागेत शिरलो. लाल-पिवळ्या बोंडूंचा खच पडला होता, आंबूस गोड वास सगळीकडे भरला होता, आणि त्या झाडांत एका फांदीखाली ताकाच्या रंगाचं काहीतरी हलताना दिसलं.

तो शर्ट होता. ताकाचा रंग खांद्यांपुरताच उरला होता. छातीवर, पोटावर, दोन्ही बाह्यांवर बोंडूच्या रसाचे तपकिरी डाग. आणि बोंडूचा डाग कापडावर पडला की कापड फाटेपर्यंत राहतो, हे कोकणातलं लहान मूलही जाणतं. एक बाही काट्याने फाटली होती. कोटावर विड्याचा एक थेंब पाडला म्हणून एका नवरदेवाच्या बापाला दुकानात अर्धा तास व्याख्यान देणारा माणूस माझ्या शेजारी उभा होता. मी मामांकडे बघायचं टाळलं.

थोरल्या मामांनी हातातली काठी वर नेऊन फांदी हलवली, बोंडू टपटप पडले, आणि मग आमच्याकडे वळून ते म्हणाले, "मुंढो बरो ठेवलंस. हात वर जाता."

मामा कसेबसे म्हणाले, "दादा, हो शर्ट लग्नाकार्याक घालूचो रे."

"लग्नाकार्याक मी खंय जातंय?" थोरल्या मामांनी साधेपणाने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. "रोज जातंय ता हयसरच. बरां कापड हयसर नाय घालूचा तर खंय घालूचा?"

मामांनी वास्कोट काढला, जवळच्या फांदीला अडकवला, कडक इस्त्रीच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि भावाच्या शेजारी खाली बसून बोंडूपासून बिया पिळून काढायला लागले. पहिल्याच बोंडूचा रस त्यांच्या छातीवर उडाला. त्यांनी खाली पाहिलं, हसले, आणि दुसरा बोंडू उचलला. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघे भाऊ तिथे बसून होते. बोलणं फार नव्हतंच. बीक भाव काय, ह्या झाड बापाशीन लायलेला काय आजयान, असंच काहीबाही. मध्येच मामांनी भावाची फाटलेली बाही हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "पुढल्या येळेक जाड कापड घेतंय."

तो हंगाम मामांच्या दुकानालाही मानवला. काजूची बाग, नारळाची बाग, गुरांचा गोठा अशा ठिकाणी जाणाऱ्या पुरुषांसाठी मोकळ्या मुंढ्याचा, जाड सुती, तपकिरी रंगाचा शर्ट त्यांनी मुद्दाम काढला. तपकिरी का, ते फक्त आम्हाला माहीत. पुण्या-मुंबईची माणसं तो शर्ट हौसेने नेतात आणि हॉटेलांत घालून बसतात. मामा त्यांना हात वर करायला लावतात आणि मनातल्या मनात हसतात. थोरले मामा मात्र अजूनही दुकानाची पायरी चढलेले नाहीत. एकदा तोंडातून गेलेला शब्द ते मोडणार नाहीत. मामांनीही कधी "ये" म्हटलं नाही. ते दर वर्षी माघात, लग्नसराईतला एक दिवस काढून, टेप खिशात घालून स्वतः गावी जातात. आता खांबामागे लपावं लागत नाही. थोरले मामा खळ्यात, हात किंचित लांब धरून, सरळ उभे राहतात आणि मामा त्यांच्याभोवती फिरून माप घेतात. आकडे मोबाइलमध्ये लिहायचं काम माझं.

यंदाही गेलो. गेल्या पावसाळ्यात थोरले मामा आजारी होते, ते आम्हाला उशिराच कळलं होतं. कोयता आता फारसा चालवत नाहीत. मामांनी पाठीमागे उभं राहून खांद्यावर टेप धरली. ती धरून ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मग त्यांनी मोठ्याने आकडा सांगितला. तो मागच्या वर्षीचाच होता. मी लिहायला लागलो, तेव्हा त्यांनी भावाच्या पाठीआडून मान हलवली आणि बोटांनी मला खरा आकडा दाखवला. तो बराच कमी होता. छाती, तेच. गळा, तेच. प्रत्येक वेळी तोंडाने जुना आकडा आणि बोटांनी नवा.

"मागल्या वर्षाचाच मा?" समोर बघत थोरल्या मामांनी विचारलं.

"तोच रे दादा. एक सूतभर हलूक नाय." मामांचा आवाज अगदी दुकानातल्यासारखा ठाम होता. माप घेऊन झालं होतं, पण टेप काढायला ते विसरले. तसेच दोन्ही हातांनी भावाचे खांदे धरून उभे राहिले, आणि थोरले मामाही, कुणी "झालं" म्हणेपर्यंत हलायचं नसतं असं समजून, शाळेतल्या मुलासारखे ताठ उभेच राहिले.